निनियन हिस्लॉपची सरळ शर्यत

"आपण कधी पैशासाठी धावला आहात काय?" छापील अर्जातल्या ह्या प्रश्नापुढे पंधरा वर्षांच्या निनियन हिस्लॉपनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, "होय. तीस शिलिंग." आणि तिथंच पोराचा घात झाला.

अर्ज होता शाळकरी मुलांच्या जिल्हा शर्यतीचा. मास्तरांनी एलरबर्नच्या शाळेतून दोनच नावं धाडली होती, निनियनचं आणि डॉक्टरांच्या ऍलन प्रेंटिसचं. दोघं एका बाकावर बसायचे. शाळेच्या मैदानावर त्याच महिन्यात निनियननं ऍलनला चांगलं दोन यार्डांनी मागं टाकलं होतं, आणि ऍलननं हसत हसत त्याचा हात हातात घेतला होता.

आता तीस शिलिंगांचं म्हणाल, तर ते मेंढपाळांच्या जत्रेत मिळालेले. आमच्या खोऱ्यात जत्रेत पळाला नाही असा पोरगा दाखवा! पाद्रीबाबांचा मुलगासुद्धा गोणपाटात पाय घालून उड्या मारत पळाला होता आणि अर्धा क्राऊन घेऊन आला होता. निनियननं तीस शिलिंग आईच्या हातावर ठेवले, तिनं कोळसा घेतला, रविवारी मटणाचा रस्सा केला, विषय संपला. एकट्या ऍलनला तेवढी बंदी होती. डॉक्टर म्हणायचे, आपल्यातल्यांनी पैशासाठी पळायचं नसतं.

पण हौशी धावपटूंची जी थोर संघटना होती ना, तिच्या सभ्य गृहस्थांचा कायदा असा, की ज्यानं पळण्याचा एक पेनी घेतला तो जन्माचा धंदेवाईक. त्यानं पुन्हा कधी जिल्ह्यासाठी पळायचं नाही, देशासाठी नाही, ऑलिंपिकचं तर नावच काढायचं नाही. बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. अशा माणसाबरोबर जो पळेल, त्यालाही विटाळ! तोही बाद! असली सोवळी माणसं. यांच्या बापजाद्यांनी कधी कोळसा विकत घेतला नसेल, अंगणात आपोआप उगवला असेल.

नकाराचं पत्र आलं त्या दिवशी निनियन ते घेऊन स्वयंपाकघरात आईपुढं उभा राहिला. मग म्हणाला, "आई, मग मी किती वेगानं पळतो हे मला कळणार कसं?"

"पोस्टमन हो," आई बटाटे सोलता सोलता म्हणाली. "मागं कुत्री लागली की कळेल."

ती चेष्टा करत होती, पण पोराचा प्रश्न खरा होता, आणि तो प्रश्न पुढं अठरा वर्षं त्याच्या मानगुटीवर बसला.

कारण आमच्याकडच्या पैशाच्या शर्यतीत सगळे एका रेघेवरून सुटत नाहीत. जो हळू, त्याला पुढं उभं करतात. कुणाला पाच यार्डांची सूट, कुणाला बारा. जो सगळ्यांत वेगवान, त्याच्या वाट्याला मागची कोरी रेघ. सूट ठरवायला पर्व्हिस नावाचे एक गृहस्थ होते. उन्हाळाभर गावोगावच्या मैदानांवर हातात घड्याळ घेऊन बसायचे आणि कोण किती पळतो ते वहीत टिपायचे. म्हणजे हिशेब साधा आहे: मोठी शर्यत जिंकायची असेल, तर आधी पर्व्हिससाहेबांना पटवा की तुम्ही गोगलगाय आहात.

ही कला शिकवण्यात डॉड केर्न्सचा हात धरणारा कुणी नव्हता. डॉडचा धंदा खाटकाचा. दुकानामागच्या कोठारात त्यानं पळणाऱ्यांची तालीम काढली होती. सतराव्या वर्षी निनियन गिरणीत मागावर लागला आणि त्याच आठवड्यात डॉडनं त्याला दुकानात बोलावलं.

"पोरा, मांड्या कोणाच्या?"

"माझ्याच."

"आजपासून माझ्या. रोज पाऊण पौंड मटण खायचं, नऊ वाजता झोपायचं, आणि मी सांगीन तेव्हाच पळायचं. मी सांगीपर्यंत नुसतं पळल्यासारखं करायचं. काय?"

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"अळीमिळी गुपचिळी. आईला नाही, पाद्र्याला नाही, पोरगी असेल तर पोरीलाही नाही. कोठाराचा नियम आहे."

पोरगी होती. जेस रेनविक. त्याच गिरणीत ती कापड तपासायला बसायची. शंभर हात कापडात एक धागा चुकला असला तरी बोटं फिरवून सांगायची. असल्या बाईपासून काही लपवायचं म्हणजे धाडसच.

दोन उन्हाळे निनियन हरला. बुटात शिशाचे पत्रे घालून हरला. शर्यतीआधी घटाघट दोन पाइंट पाणी पिऊन हरला. डॉड त्याला सकाळी डोंगरावर तीनदा चढवायचा आणि दुपारी शर्यतीला उभं करायचा, तसाही हरला. खोटं हरणं सोपं वाटतं, पण नाही. चेहरा जोर लावल्यासारखा हवा, हात हलायला हवेत, फक्त पायांनी शेवटच्या वीस यार्डांत विसरायचं. निनियनला ते इतकं छान जमायला लागलं की त्याची त्यालाच भीती वाटली. शेजारच्या गावची पोरं कुंपणावर बसून ओरडायची, "हिस्लॉप, तुझी म्हातारी आई पुढं गेली रे!"

एकदा शर्यत संपल्यावर जेसनं त्याला चहाच्या तंबूमागं गाठलं.

"निनी, तू जोर लावून पळतोस का?"

"मग काय करतो?"

"मला विचारायचंय म्हणून विचारते. माझ्याकडं बघून सांग."

त्यानं तिच्याकडं बघून सांगितलं, "लावतो की जोर."

दुसऱ्या दिवसापासून गिरणीतून घरी जाताना जेस दुसऱ्या रस्त्यानं जायला लागली, आणि वर्षभर त्याच रस्त्यानं गेली.

आणि मग तो नववर्षाचा दिवस आला. एडिंबरामध्ये भरते ती खोऱ्याखोऱ्यांतल्या पळणाऱ्यांची सगळ्यांत मोठी शर्यत. निनियन वीस वर्षांचा. पर्व्हिससाहेबांनी वही उघडून त्याला नऊ यार्ड सूट दिली होती. नऊ! डॉडनं पोरावर चांगले पैसे लावले, आणि रात्रभर त्याला हसू आवरेना. एलरबर्नहून तीन बसगाड्या भरून गेल्या, हातात खिम्याचे पॅटिस, खिशात बाटल्या. डॉडनं कपडे बदलायच्या खोलीत निनियनचे बूट उलटे करून झटकले आणि म्हणाला, "जा. आता पळ."

काय पळाला! मैदानावर बर्फ झाडून काढलेलं, गवत कडक. पन्नास यार्डांवरच त्याच्यापुढं कोणी उरलं नाही. दीड यार्डानं जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, डॉडनं भर थंडीत टोपी हवेत उडवली ती परत सापडलीच नाही. परतताना सगळी बस गात होती. गावच्या वेशीवर बँड उभा. निनियनच्या वाट्याला आलेल्या पैशांत आईला शिवणयंत्र आलं आणि खिशात एक अंगठी राहिली.

ती अंगठी घेऊन तो जेसच्या दारात गेला, तर दार अर्धंच उघडलं.

"मलासुद्धा?" ती म्हणाली. "दोन वर्षं मला तोंडावर खोटं सांगितलंस? अख्ख्या गावाला फसव, पर्व्हिसला फसव, तो धंदाच आहे. मी काय पर्व्हिस आहे?"

"चुकलं माझं."

"चुकलंच."

"आता तुझ्याशी तोंडानं कधी खोटं बोलणार नाही. पायांचं मात्र डॉडला विचारायला लागेल."

तिला हसायचं नव्हतं, पण हसली. दार उघडलं. चहा पिताना तो म्हणाला, "जेस, नऊ यार्ड सूट घेऊन जिंकलो मी. पण सूट नसती तर? ऍलन शेजारी उभा असता तर? मला अजून ठाऊक नाही गं." जिंकलेल्या दिवशी ज्याच्या मनात हे येतं, त्याचं काय करायचं, सांगा.

ऍलन तेव्हा कुठल्या कुठं गेला होता. विद्यापीठात गेला, स्कॉटलंडकडून पळाला, मग ब्रिटनकडून. त्याच्या शर्यती रेडिओवर लागायच्या. गिरणीतला फोरमन मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "निनियन, हा तुझ्या बाकावरचा ना रे?" ऑलिंपिकमध्ये ऍलन उपांत्य फेरीत पाचवा आला, तेव्हा गावानं तार केली. तारेवर निनियननंही सही केली. खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

स्वतः निनियनचं मात्र त्यानंतर उतरणीलाच लागलं. पर्व्हिस चिडले होते. त्यांनी नऊ यार्डांवरून त्याला खाडकन दोन यार्डांवर आणलं. दोन यार्डांवरून जिंकणं मुश्कील, डॉडचा उत्साहही ओसरला, त्याला नवा पोरगा मिळाला. चोविसाव्या वर्षी एका गावच्या शर्यतीत निनियनच्या मांडीत काहीतरी तटकन तुटलं. तो लंगडत, दात खात, तरी पळत सुटला आणि शेवटचा आला. पंचांनी, म्हणजे पर्व्हिससाहेबांनीच, बोलावून घेतलं.

"हिस्लॉप, मुद्दाम हरलास."

"मांडी गेली साहेब. बघा, सुजलीय."

"तुझ्या तालमीत सूजसुद्धा आणवत असतील."

एक वर्षाची बंदी! त्या दिवशी तो बिचारा आयुष्यात पहिल्यांदा खरोखरचा हरला होता. जेस तेव्हा बायको झालेली, पोटात मूल. तशीच उठून पर्व्हिसच्या घरी गेली आणि दारातच त्यांना म्हणाली, "लाज आहे का जराशी? मी त्याच्या मांडीला रोज शेक देते, तुमच्या डोळ्यांना द्यायला हवा." बंदी काही उठली नाही. पण पर्व्हिस पुढं कधी तिच्या नजरेला नजर देत नसत.

बंदीनंतर माणसं सोडून देतात. निनियननं सोडलं नाही. पण तो परत आला ते वेगळाच होऊन. डॉडला म्हणाला, "आता लपवायचं नाही. प्रत्येक शर्यत जीव तोडून."

"वेडा झालास? तुला कोऱ्या रेघेवर टाकतील. जन्मात जिंकणार नाहीस."

"टाकू देत."

टाकलं. पुढची सात-आठ वर्षं निनियन हिस्लॉप सगळ्यांच्या मागून सुटायचा आणि सगळ्यांना गाठत गाठत तिसरा, चौथा यायचा. पुढं बारा यार्डांवर सुटलेला कुठला तरी नवखा पोरगा फीत तोडायचा. मागच्या रेघेवर शेजारी कुणी नसेच. एकट्यानं सुटायचं, एकट्यानं पळायचं. वेग कळायचा तो पुढच्यांच्या पाठींवरून. असं कुठं कळतं?

तो तेहतीस वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या खेळांना पाहुणा म्हणून ऍलन प्रेंटिस आला. तीन वर्षांपूर्वी त्यानं पळणं थांबवलं होतं. एडिंबरात शिक्षक होता, आणि त्याच थोर संघटनेच्या मुलांना पळायला शिकवायचा. आदल्या संध्याकाळी तो निनियनच्या परसात येऊन उभा राहिला. निनियन बटाटे काढत होता.

"बटाटे बरे आलेत रे."

"पाऊस बरा झाला."

निनियनच्या ओठावर अठरा वर्षांचं एकच वाक्य होतं, आणि ते काही केल्या बाहेर पडेना. मातीत हात घालून तो नुसता बसून राहिला. शेवटी ऍलनच कुंपणावर टेकून म्हणाला, "निनी, एक सांगू? देशाचा शर्ट घालून मी बारा वर्षं पळालो. दर वेळी जिंकलो की लोक पाठ थोपटायचे आणि मला ती शाळेची शर्यत आठवायची. दोन यार्ड. वाटायचं, ह्यांना काय माहीत, खरा माणूस गिरणीत माग चालवतोय."

निनियननं वर बघितलं. "मग पळ ना माझ्याबरोबर."

"म्हणून तर आलोय."

"संघटनेला कळलं तर? बाटशील की. नोकरी जाईल तुझी."

"बाटू दे," ऍलन म्हणाला. "उद्या सकाळी. सगळे डोंगरावर जातील तेव्हा."

खेळांच्या दिवशी सकाळी झेंडा घेऊन घोड्यांवरून गावाची शीव फिरून येतात. पांगळा आणि तान्हा सोडला तर गावात कुणी उरत नाही. अकरापर्यंत चिटपाखरू नसतं. मैदानावर तेव्हा चौघंच होते त्या दोघांखेरीज: चुन्यानं रेघा मारणारा येडी नावाचा गडी, गुडघ्यांनी जागेवर बसवलेला डॉड, चहाच्या तंबूत पाव कापणारी जेस आणि तिच्या पायाशी झोपलेलं कुत्रं. निनियननं जेसला रात्रीच सांगितलं होतं. तिनं पावाची सुरी ठेवली, फितीऐवजी गिरणीतला लोकरीचा धागा काढला आणि शेवटच्या रेघेवर एक टोक स्वतः धरलं, एक येडीच्या हातात दिलं. पिस्तूल डॉडकडं.

शंभर यार्ड. एकच रेघ. दोघं शेजारी शेजारी वाकले तेव्हा निनियनला ऍलनच्या श्वासाचा आवाज आला. नऊ यार्ड नाहीत, बारा यार्ड नाहीत, पुढं कोणाची पाठ नाही. आता मात्र कळणारच.

पिस्तूल वाजलं. निनियन असा सुटला की तीस यार्डांवर तो चांगला हातभर पुढं होता. साठवर ऍलनचा खांदा त्याच्या खांद्याला आला. ऐंशीवर तो खांदा बोटभर पुढं सरकला. निनियननं होतं नव्हतं ते सगळं ओतलं. दात आवळले, मांडी ओरडली, तिला म्हणाला, ओरड, डोळ्यांपुढं जेसच्या हातातली लोकर पांढरी पांढरी नाचली. आणि ती लोकर ऍलनच्या छातीवर तुटली.

एक फूट. येडी शपथेवर सांगायचा, एक फूट.

निनियन गवतावर पालथा पडला. दम घेता येईना, ओकारी येऊ लागली. ऍलन वळून आला. चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हताच. तो गुडघ्यांवर बसला आणि हळूच म्हणाला, "निनी, खरं सांग. सोडलंस?"

"काय?"

"शेवटच्या वीसमध्ये. पाहुणा आहे म्हणून... सोडलंस ना मला?"

तिकडून डॉड काठी टेकत येत होता. त्यानं तर डोळाच मिचकावला. "वा रे पठ्ठ्या! हुबेहूब जमवलंस. मला घटकाभर खरं वाटलं."

निनियनच्या अंगाची आग झाली. "गप बसा डॉड! नाही सोडलं! आईशप्पथ नाही सोडलं. ऍलन, जीव तोडून पळालो रे. हेच आहे. हेच आहे माझ्यात, ह्याच्यापुढं काही नाही!"

"तू पर्व्हिसलाही असंच सांगायचास ना," ऍलन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, नुसतं वाईट वाटत होतं. अठरा वर्षं तोही थांबला होता. आणि आता हातात काय आलं, तर पुन्हा शंका.

"चल, पुन्हा पळू," निनियन म्हणाला आणि उठायला गेला. मांडीनं त्याला खाली बसवलं. तो मोठा माणूस, तीन लेकरांचा बाप, गवतावर मुठी आपटून रडायला लागला. आयुष्यात एकदाच सगळं खरं खरं समोर ठेवलं, तर ते कुणी उचलायला तयार नाही!

जेस लोकरीचा तुकडा गुंडाळत आली. तिनं आधी डॉडकडं बघितलं, मग ऍलनकडं.

"प्रेंटिस मास्तर, ह्या शर्यतीवर पैसे लावले होते का कुणी?"

"नाही."

"बक्षीस होतं?"

"नाही."

"मग झालं तर. माझा नवरा खोटं हरलाय, शंभरदा हरलाय, पण फुकटात नाही हरलेला. कधीच नाही. फुकटात तो मला साधी खुर्ची सरकवून देत नाही, तुम्हाला शर्यत देईल?"

ऍलनला हसू फुटलं, आणि ते थांबेना. हसता हसता तो निनियनच्या शेजारी गवतात पसरला.

"म्हणजे मी जिंकलो," तो म्हणाला.

"हो रे बाबा, जिंकलास." निनियननं बाहीनं नाक पुसलं. "पंधराव्या वर्षी नसता जिंकलास. विसाव्यालाही बहुतेक नाही."

"बहुतेक नाही."

"ते आता कुणालाच कळायचं नाही. पण आजचं कळलं." त्यानं दोन्ही तळवे एकमेकांपासून फूटभर अंतरावर धरले आणि त्यांच्याकडं टक लावून बघितलं. "एवढंच. मी उगाच कायकाय समजत होतो."

ऍलननं त्याचा एक हात ओढून हातात घेतला. डोंगराच्या उतारावरून पहिले घोडे दिसायला लागले होते, आणि येडी ओरडत होता की आता उठा दोघं, रेघा पुसल्यात तुम्ही माझ्या.